सहा ओगर, हरिहरच्या पायऱ्या आणि सीआरचा आकडा

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. नाशिकच्या कॉलेज रोडला दर रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा काल्पनिक साहसांचा खेळ) खेळणारा एक ग्रुप आहे. चार खेळाडू आणि एक डीएम, म्हणजे गोष्ट रचणारा आणि मॉन्स्टर चालवणारा. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, पाचव्या लेव्हलची: फायटर (लढवय्या), रोग (चोरटा), क्लेरिक (पुजारी), विझार्ड (जादूगार). २०१४ च्या नियमांवरून ते नुकतेच २०२४ च्या आवृत्तीवर आले. कॅरेक्टर नव्या पुस्तकातून बनवले, लढाईचं बजेटही (कितपत मॉन्स्टर आणायचे तो हिशोब) नव्या पुस्तकातून काढलं, पण मॉन्स्टरचं पुस्तक अजून जुनंच वापरतात. पहिल्या रविवारी डीएमने एक ट्रोल (दांडगा राक्षस) आणला. दुसऱ्या राउंडमध्येच तो मेला. पुढच्या रविवारी त्याने जंगलातल्या मुक्कामावर रात्री चारी बाजूंनी सहा ओगर (सोटेवाले राक्षस) सोडले. नव्या हिशोबाने ही लढाई ‘लो’ आणि ‘मॉडरेट’ या अवघडपणाच्या दोन पायऱ्यांच्या मधली होती. तासाभरात अख्खी पार्टी आडवी. त्याचा प्रश्न: "दादा, पुस्तक चुकलं की मी?"

अरे, पुस्तकाचं गणित बरोबर आहे आणि तुझी बेरीजही बरोबर आहे. तू फक्त एका आकड्याला असं काही विचारलंस जे त्याला ठाऊकच नाही. मी दिवसभर सातपूरला क्वालिटीत काम करतो. ड्रॉइंगवर माप काही का असेना, जॉब हातात आला की गेज लावून बघायचं, हा आमचा धर्म. सीआर (चॅलेंज रेटिंग, मॉन्स्टर किती भारी ते सांगणारा पुस्तकातला आकडा) हे ड्रॉइंगवरचं माप आहे. ते ज्याने लिहिलं त्याने तुझी पार्टी पाहिलेली नाही, तुझा नकाशा पाहिलेला नाही, आणि तुझ्या विझार्डकडे त्या रात्री किती स्पेल (जादूचे मंत्र) शिल्लक होते तेही त्याला माहीत नाही.

आधी नव्या आवृत्तीत बदललं काय ते बघू, कारण अर्धा घोळ तिथेच आहे.

जुन्या पुस्तकात पाचव्या लेव्हलच्या एका कॅरेक्टरमागे चार पायऱ्या होत्या: इझी २५०, मीडियम ५००, हार्ड ७५०, डेडली ११०० एक्सपी (मॉन्स्टर मारल्याचे अनुभवाचे गुण; लढाई किती जड तेही यांनीच मोजतात). नव्या पुस्तकात तीन आहेत: लो ५००, मॉडरेट ७५०, हाय ११००. आकडे शेजारी शेजारी ठेवून बघ. काल ज्याला मीडियम म्हणत होते ते आज लो झालं, हार्डचं मॉडरेट झालं आणि डेडलीचं नाव हाय. म्हणजे पाट्या एकेक घर सरकल्या. जुन्या सवयीने ‘लो म्हणजे पोरखेळ’ समजणारा माणूस इथे पहिल्यांदा ठेचकाळतो.

दुसरा बदल याहून मोठा. जुन्या हिशोबात मॉन्स्टर वाढले की बेरजेला गुणक लागायचा. दोन असले तर दीडपट, तीन ते सहा असले तर दुप्पट, सात ते दहाला अडीचपट, असं करत पंधरा आणि पुढे चौपट. नव्या आवृत्तीत गुणकच काढून टाकलाय. नुसती बेरीज करायची.

आता तुझे सहा ओगर घे. एक ओगर सीआर २, म्हणजे ४५० एक्सपी. सहाचे २७००. चौघांचं लो बजेट २०००, मॉडरेट ३०००. तर हो, तुझी लढाई पुस्तकाप्रमाणे मधलीच. पण हेच सहा जण जुन्या पद्धतीने मोजले असतेस तर २७०० गुणिले दोन, म्हणजे ५४००. जुनी डेडलीची रेघ चौघांसाठी ४४०० वर होती. एका पुस्तकाच्या मते हे मध्यम, दुसऱ्याच्या मते मरणाच्याही पलीकडचं. आणि ट्रोल? तो सीआर ५, १८०० एक्सपी. नव्या हिशोबात तो लोचं २००० चं बजेटसुद्धा भरत नाही. तू त्याला एकटा आणलास तेव्हाच तो मेलेला होता.

गुणक काढला याचं मला दुःख नाही. गुणकाने आठ फाटके गॉब्लिनसुद्धा कागदावर कर्दनकाळ दिसायचे. पण तो एक गोष्ट ओबडधोबडपणे का होईना सांगत होता: या खेळात जीव घेते ती ताकद नव्हे, संख्या. प्रत्येक राउंडला कोणाच्या किती चाली होतात त्यावर सगळं ठरतं. ट्रोल एकटा, समोर चौघं. ओगर सहा, समोर चौघं. आता ते सांगायची जबाबदारी पुस्तकाने तुझ्यावर टाकलीय. नव्या पुस्तकात सल्ल्यादाखल एवढंच आहे की दर कॅरेक्टरमागे दोनाहून जास्त मॉन्स्टर असतील तर ते लवकर मरणारे, कच्चे असावेत. तुझे दीडच होते, म्हणून तू त्या ओळीतही सापडला नाहीस.

मी मॉन्स्टर कसे तोलतो ते सांगतो. दोन आकडे काढायचे. पार्टीला मॉन्स्टर पाडायला किती राउंड लागतील, आणि मॉन्स्टरला पार्टी पाडायला किती. चौकटीची वही आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर, एवढंच सामान लागतं. बजेट वगैरे त्याच्यानंतर.

तुझी पार्टी: फायटर दोन वार करतो, ग्रेटसोर्डचे २डी६+४ (सहा बाजूंचे दोन फासे, अधिक चार), सरासरी ११ चा एक वार. रोग स्नीक अटॅकसकट (चोरट्या वाराचा जादा मार) १९. क्लेरिकचा सेक्रेड फ्लेम ९, विझार्डचा फायर बोल्ट ११, हे दोन्ही फुकटचे स्पेल. वीस बाजूंच्या फाशावर अटॅक बोनस +७ धरला तर ट्रोलच्या १५ एसीला (वार लागायला गाठायचा आकडा) ६५ टक्के वेळा लागतो. फायटरचे १४, रोगचे १२, क्लेरिकचे ६, विझार्डचे ७. झाले ३९. ट्रोलचे एचपी, म्हणजे अंगातला जीव, ८४. म्हणजे काही खास न करता, नुसत्या फुकटच्या वारांनी तो तिसऱ्या राउंडला पडणार. विझार्डने पहिल्या दोन राउंडला फायरबॉल (आगीचा मोठा स्पेल) मारले तर राउंडला ५५ पडतात आणि तो दुसऱ्यातच संपतो. आगीमुळे त्याचं रिजनरेशनही (आपोआप जखमा भरणं) थांबतं, तो भाग वेगळा.

उलट बाजू बघ. ट्रोलचा एक चावा ७ चा, दोन पंजे ११ चे, एकूण २९. १६ एसीवर ६० टक्के लागले तर राउंडला साधारण १७. फायटरचे एचपी ४४. फक्त त्याच्याच मागे लागला तरी ट्रोलला अडीच राउंड हवेत. त्याला मिळाले दोन. म्हणून तुझी पोरं हसत घरी गेली.

ओगरला हेच लाव. एसी ११, म्हणजे तुझ्या पोरांचा वार ८५ टक्के वेळा बसतो. स्पेल न खर्चता सगळे मिळून राउंडला जवळपास ५१. एका ओगरचे एचपी ५९. म्हणजे राउंडला एक ओगरसुद्धा पुरता पडत नाही, आणि एकूण एचपी ३५४, त्याला सात राउंड. ओगर काय करतो? त्याच्या सोट्याचे १३, +६ ने १६ एसीवर ५५ टक्के, सरासरी ७. सहा जणांचे ४३. तुझ्या चौघांचे सगळे एचपी मिळून दीडशेच्या आसपास असतील. साडेतीन राउंड. सात विरुद्ध साडेतीन. ही लढाई फासा पडण्याआधीच हरलेली होती.

आता गंमत बघ. याच लढाईत विझार्डकडे तिसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट (मोठे स्पेल टाकायची शिल्लक) असते, आणि सहाही ओगर एका घोळक्यात येत असते, तर? फायरबॉलची सरासरी २८. ओगरची डेक्स (चपळाई) ८, सेव्ह डीसी (आगीतून निसटायला फाशावर गाठायचा आकडा) १५, चारात तीनदा तो नापास होतो. हिशोबाला प्रत्येक ओगरमागे साडेचोवीस. सहांवर दोनदा टाकला तर २९४. साडेतीनशेतले जवळपास तीनशे दोन चालींत गेले. तेच सहा ओगर, तोच सीआर, तेच २७००. एका रविवारी मसणवाट, दुसऱ्या रविवारी दिवाळी.

तू त्यांना कसं उभं केलंस? रात्री, चारी बाजूंनी, आणि (तूच लिहिलंयस) दुपारच्या लढाईत विझार्डचे मोठे स्लॉट संपलेले असताना. बजेटमध्ये हे तिन्ही कुठेच धरलेलं नसतं.

जागेचा मुद्दा मी नाशिककर म्हणून जरा ताणून सांगणार आहे. हरिहर किल्ला चढला असशील. त्या सरळसोट कातळात कोरलेल्या पायऱ्या, दोन्ही हातांनी खोबण्या धरत एकामागे एक चढायचं, वरून कोणी उतरत असेल तर खाली थांबून राहायचं. माझ्या कॅम्पेनमध्ये मी हा जिना तीनदा वापरलाय. ओगर वर आणि पार्टी खाली असली तर ओगर जॅव्हलिन फेकतात, ११ ची सरासरी, आणि खालच्यांना पळायलाही जागा नसते. पार्टी वर आणि ओगर खाली असले तर एका वेळी एकच ओगर फायटरसमोर येतो, बाकीचे पाच रांगेत. कागदावर दोन्ही लढाया सारख्या. पहिलीत आमच्या क्लेरिकने हातातला पेन तोडला होता, दुसरी लढाई पोरांनी मिसळ गार व्हायच्या आत संपवली. तिसऱ्यांदा मी दोन ओगर वर आणि चार खाली ठेवले. ते सेशन अजून लोकांच्या तोंडी आहे.

एवढं झाल्यावर सरासरीवरही पूर्ण विसंबू नको. याची किंमत मी एकदा मोजलीय.

काही वर्षांपूर्वी तिसऱ्या लेव्हलच्या पार्टीसाठी मी हडळ बनवली. पिंपळाखाली उभी, पावलं उलटी, नेहमीचा थाट. आकडे २०१४ च्या पुस्तकातल्या कोष्टकातून उचलले: सीआर ४ ला राउंडचा डॅमेज २७ ते ३२. मी तिला एकच पंजा दिला, ४डी१२+४, सरासरी ३०. कोष्टकात चपखल बसला. एक्सपी ११००, चौघांना जुन्या भाषेत हार्ड, डेडली नव्हे. मी खुशीत. इनिशिएटिव्हला (कोणाची चाल आधी ते ठरवणारा फासा) हडळ पहिली आली. सगळ्यात पुढे आमचा रोग, २१ एचपी. मी सगळ्यांसमोर फासा टाकला आणि २० आला. २० म्हणजे क्रिट, आणि क्रिटला डॅमेजचे फासे दुप्पट. आठ डी१२ टेबलवर घरंगळले, एक चिवड्याच्या वाटीला लागून थांबला. बेरीज ५० च्या वर गेली. शून्यावर येऊन उरलेला डॅमेज जर कमाल एचपीएवढा झाला तर कॅरेक्टर जागच्या जागी मरतो, डेथ सेव्ह (जीव वाचवायचा फासा) नाही. २१ आणि २१, ४२. पाच महिने जपलेला रोग त्याची पहिली चाल यायच्या आधी गेला. तो पोरगा काही बोलला नाही. वाटी पुढे ओढून चिवडा खात बसला, आणि सेशन संपेपर्यंत त्याने फोनकडे बघितलं नाही की माझ्याकडेही.

त्यातून शिकलो ते असं. ३० चा एक वार आणि १० चे तीन वार, सरासरी एकच. ६० टक्के लागतात असं धरलं तर दोघांचे राउंडला १८. पण एका वाराची हडळ चाळीस टक्के वेळा काहीच करत नाही आणि साठ टक्के वेळा २७ एचपीचा विझार्ड एका फटक्यात झोपवते. तीन वारांच्या हडळीचे तिन्ही वार हुकणं शंभरात सहा-सात वेळा, आणि तिन्ही लागून तोच विझार्ड पडणं शंभरात बावीसेक वेळा. शिवाय तीन वारांत पहिल्या दोघांनंतर क्लेरिक काहीतरी करू शकतो, किमान टेबलवर ‘अरे बापरे’ म्हणायला वेळ मिळतो. पहिल्या चार लेव्हलपर्यंत मी आता एकाच जबरदस्त वाराचा मॉन्स्टर आणतच नाही. ओगरसुद्धा नाही. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे ८ एचपी, ओगरचा क्रिट सरासरी २२, हिशोब तूच कर.

त्या कोष्टकाबद्दलही दोन शब्द, कारण घरचे मॉन्स्टर बनवणारे बहुतेक जण तिथेच फसतात. कोष्टक म्हणतं सीआर २ ला एचपी ८६ ते १००. त्याच आवृत्तीतला ओगर ५९ वर उभा आहे. सीआर ५ ला १३१ ते १४५, ट्रोल ८४ वर. छापलेले मॉन्स्टर कोष्टकापेक्षा बरेच सडपातळ असतात. कोष्टकाबरहुकूम बनवलास तर धान्याचं पोतं तयार होतं: मरता मरत नाही, पोरं जांभया देतात. नव्या पुस्तकात तर हे कोष्टकच दिलेलं नाही. माझं मत विचारशील तर बरंच झालं. छापलेला मॉन्स्टर घे, नाव आणि रूप बदल. ट्रोलला खवीस कर, ओगरला झोटिंग कर, आकड्यांना हात लावू नको. जुने खेळाडू ‘ट्रोल’ ऐकलं की मशाल पेटवतात. खविसाला आग लागू पडते का, हे शोधण्यात त्यांचे दोन राउंड जातात, आणि ते दोन राउंड तुला फुकट मिळतात.

आता जुने मॉन्स्टर आणि नवी पार्टी ही सरमिसळ. तुझ्याकडे हेच चाललंय म्हणून सांगतो. २०२४ चे कॅरेक्टर जुन्यांपेक्षा सशक्त आहेत, हे पहिल्या लेव्हलपासून जाणवतं. वेपन मास्टरीमुळे (हत्यारांच्या नव्या करामती) फायटरचा ग्रेटसोर्ड हुकला तरी ग्रेझमुळे थोडं लागतंच. कोणी सॅपवालं हत्यार घेतलं तर लागलेल्या मॉन्स्टरला पुढच्या वारावर डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा). ज्याचा राउंडला एकच वार आहे अशा मॉन्स्टरला हे फार झोंबतं, ओगरचा अर्धा जोर तिथेच गेला. जखमा भरणाऱ्या क्युअर वुंड्सचा १डी८ होता, आता २डी८ झालाय. दुसरीकडे नव्या पुस्तकातले मॉन्स्टरही बदललेत. पूर्वी लांडगा चावला की स्ट्रेंग्थ सेव्ह असायचा, तो हुकला तरच माणूस आडवा. आता चावा लागला की आडवा, सेव्ह नाही. अशी उदाहरणं बरीच आहेत. दोन्ही बाजू धारदार झाल्यात आणि लढाया लवकर संपतात. म्हणून नवी पार्टी आणि जुना मॉन्स्टर हा सगळ्यात कुचकामी मेळ. एकटा मॉन्स्टर असेल तर पुचाट ठरतो, झुंड असेल तर तरीही संख्येने मारते, आणि नेमकं तेच तुझ्या दोन रविवारांत झालं. जमेल तेव्हा २०२५ ला आलेलं मॉन्स्टरचं नवं पुस्तक घ्या. तोवर जुन्या एकट्या मॉन्स्टरचे एचपी वाढव.

एचपी वाढवणं म्हणजे लबाडी नाही. छापलेला आकडा सरासरी आहे, शेजारी फासे दिलेले असतात. ट्रोलचे ८डी१०+४०, म्हणजे ४८ पासून १२० पर्यंत कुठलाही ट्रोल नियमात बसतो. ओगर २८ ते ९१. मी लढाईच्या आधी ठरवतो: हा तरणा, हा म्हातारा, हा आजारी. एसीला मात्र हात लावत नाही. एसी वाढवला की पोरांचे वार हुकतात आणि हुकण्याइतकं कंटाळवाणं या खेळात दुसरं काही नाही. आणि लढाई सुरू झाल्यावर एचपी बदलायचे नाहीत. पोरांना कळतं. त्यांच्या लक्षात येत नाही असं तुला वाटतं, पण चहा प्यायला खाली उतरल्यावर ते त्याच्याबद्दलच बोलतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा, आणि तो मॉन्स्टरचा नाहीच. तुम्ही रविवारी चार तास खेळता. त्यात गप्पा, खाणं, नियमांवरून भांडणं. लढाई होते एक, फार तर दोन. जुन्या पुस्तकात धरलेलं होतं की दोन लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) मधल्या एका दिवसात पार्टी सहा ते आठ मीडियम-हार्ड लढाया लढेल. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत, जिथे सीआर पहिल्यांदा आला, तिथे तर हिशोबच असा होता की पार्टीच्या तोडीच्या लढाईत तिचं साधारण वीस टक्के बळ खर्च व्हावं. म्हणजे एकेक लढाई जीवघेणी असण्यासाठी बनवलेलीच नव्हती, दिवस जीवघेणा होता. सहा ते आठ लढाया करणारी पार्टी मी नाशकात अजून पाहिली नाही, पुण्यातही नाही. लोक एक लढाई करतात, झोपतात, स्लॉट भरतात, आणि मग डीएम म्हणतो मॉन्स्टर हलके आहेत. नव्या पुस्तकाने दिवसाचं ते बजेट काढून टाकलंय, पण विझार्डचे बहुतेक स्लॉट अजून झोपल्यावरच भरतात.

म्हणून स्वतःला आधी विचार: आज किती लढाया? एकच असेल तर हायच्या रेघेपर्यंत जा, गरज पडली तर थोडं पुढेही, कारण दोन्ही फायरबॉल त्याच लढाईत पडणार आहेत. दोन-तीन असतील तर लो आणि मॉडरेट पुरे, शेवटची हाय. तुझ्या ओगरच्या रात्री पार्टी दुसऱ्या लढाईत होती, रिकामी होती, आणि तुझं बजेट मात्र भरलेल्या पार्टीचं होतं.

काही मॉन्स्टर कुठल्याच हिशोबात बसत नाहीत, ते वेगळे ओळखून ठेव. जुना शॅडो (सावलीचं भूत) बघ. सीआर अर्धा, १०० एक्सपी, १६ एचपी. पण लागला की स्ट्रेंग्थ १डी४ ने कमी होते आणि ती शून्य झाली की माणूस मेला, एचपी कितीही असोत. तुझ्या विझार्डची स्ट्रेंग्थ ८ असेल. तीन-चार वार. पाचवी लेव्हल असो की दहावी, विझार्ड तीन-चार वारांतच जातो. एचपीला वळसा घालून मारणारा मॉन्स्टर दिसला की एक्सपीकडे बघायचंच नाही, फक्त ‘सगळ्यात कमकुवत माणूस किती वारांत जाईल’ ते मोजायचं.

तुला हे सगळं वैताग वाटत असेल तर पाथफाइंडर या अशाच खेळाची २०१९ ची दुसरी आवृत्ती बघ. तिथे लेव्हल प्रत्येक आकड्यात मिसळलेली असते, त्यामुळे तोलणं सोपं. पार्टीच्या लेव्हलचा मॉन्स्टर ४० एक्सपी, दोन लेव्हल वरचा ८०, आणि चौघांसाठी मॉडरेट म्हणजे ८०. हिशोब बहुतेक वेळा खरा ठरतो. पण तिथे दहाव्या लेव्हलच्या फायटरला गॉब्लिन खरचटतही नाही. डी अँड डीत चाळीस गॉब्लिन अजून भीती घालतात. मला तीच भीती आवडते, म्हणून मी वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन इथेच बसलोय.

चौथ्या आवृत्तीची एक आठवणही इथे सांगून टाकतो. २००८ ला ती आली तेव्हा एकटे लढणारे मोठे मॉन्स्टर एचपीने फुगलेले आणि वाराने मवाळ होते. दोन-दोन तास एकाच ड्रॅगनला ठोकत बसायचो. पुढे एचपी उतरवले आणि २०१० च्या मॉन्स्टरच्या पुस्तकापासून डॅमेज वाढवला. म्हणजे छापणाऱ्यांनाही आपला आकडा दोन वर्षांनी गेज लावून दुरुस्त करावा लागला.

आणि जुन्याहून जुनी एक युक्ती, १९८१ च्या बेसिक नियमांतली: मोराल. दोन डी६ टाकायचे, आकडा ओलांडला की मॉन्स्टर पळतो. आताचे डीएम प्रत्येक मॉन्स्टरला शेवटच्या एचपीपर्यंत लढवतात. का? निफाडच्या उसातला बिबट्या वस्तीवर येतो, कुत्रं उचलतो, निघून जातो. काठ्या घेऊन दहा माणसं आली तर तो लढत नाही. ज्याला जगायचंय तो कोणताही प्राणी असाच वागतो. सहातले दोन ओगर पडल्यावर उरलेल्यांनी फासा टाकला असता आणि दोघे पळाले असते, तर तुझी पार्टी आज जिवंत असती.

येत्या रविवारी ओगर परत आणायचे असतील तर मी असं करेन. सुरुवातीला तीन. राउंडला एकवीस-बावीस डॅमेज, पार्टीला घाम फुटेल पण मोडणार नाही. तिघं एकत्र नसावेत, एक उंचावर जॅव्हलिन घेऊन. तिसऱ्या राउंडला दोन आणखी येतात, आणि ते येण्याच्या एक राउंड आधी पोरांना झाडी मोडल्याचा आवाज ऐकू येतो, म्हणजे फायरबॉल राखायचा की टाकायचा हा प्रश्न त्यांच्यापुढे पडतो. पहिल्या तिघांतले दोघे पहिल्या दोन राउंडमध्येच पडले तर येणारे दोघे हालत बघून मोराल टाकतात. एकूण पाच, २२५० एक्सपी, पुस्तकात जेमतेम लोच्या वर. लढाई चार राउंड चालली तर तुझं माप बरोबर.

राहिला प्रश्न मेलेल्या पार्टीचा, जो तू विचारला नाहीस पण त्यासाठीच लिहिलं असावंस. शून्यावर आणणारा वार हातघाईचा असेल तर मारणाऱ्याला बेशुद्ध पाडण्याची मुभा आहे, मॉन्स्टरलाही. ओगरला जिवंत माणूस मेलेल्यापेक्षा जास्त दिवस टिकतो. पोरांना कॅरेक्टर शीट घेऊनच बोलव, आणि सेशन एका गुहेत सुरू कर: हात बांधलेले, हत्यारं पलीकडच्या कोपऱ्यात, आणि बाहेर सहा ओगर आधी कोणाला खायचं यावरून भांडतायत.